बडोद्याचा एक हंगाम : 1946-47



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ निजामपुऱ्यातील ही शाळा दरवर्षी एक व्याख्यान योजते, ते भाषेचे शिक्षक असूनही संध्याकाळी शाळेच्या मैदानावर हमखास सापडत. आजवर या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सयाजीराव महाराजांची ग्रंथालये अशा विषयांवर विद्वानांनी विवेचन केले. मैदानाची आठवण मात्र कोणी काढली नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवले. खेळाडू म्हणून माझी योग्यता शून्य आहे. तरीही या वर्षी विषय निवडताना मी बडोदे संघाचा 1946-47 चा हंगाम निवडला. या हंगामाचा एक आकडा आपल्या गावात अजून तोंडपाठ आहे, पण त्या आकड्याच्या आत काय आहे हे सांगणारी पिढी आता राहिलेली नाही.

तो आकडा 577. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, मांडवीच्या आसपासच्या मराठी वाड्यांत माझ्या लहानपणी हा आकडा एखाद्या सुभाषितासारखा वापरला जाई. दोन भावांनी मिळून घर बांधले, की म्हातारी माणसे म्हणत, "हजारे-गुल महंमद जमले." आम्हां मुलांना वाटे, ही कोणी सासरे-जावई असावेत. मार्च 1947 मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागीदारी केली, एवढे समजायला पुढे बरीच वर्षे गेली.

'गडी' या शब्दावर थोडे थांबतो. शिक्षकाची खोड आहे, क्षमा असावी. इंग्रजीत यष्टी पडते, मराठीत गडी बाद होतो. क्रिकेटला 'चेंडूफळी' म्हणण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला आणि तो टिकला नाही. पण हुतुतू, आट्यापाट्या आणि खोखो यांतला 'गडी' मात्र या परदेशी खेळात सहज येऊन बसला. लाकडाच्या तीन काठ्यांपेक्षा त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे आपल्या भाषेचे लक्ष अधिक गेले. आज मीही आकड्यांइतकेच त्यामागील माणसांकडे पाहणार आहे.

प्रथम सामन्याचा सांगाडा पाहू. होळकर संघाचा पहिला डाव 202 धावांत आटोपला. बडोद्याने उत्तरादाखल 784 धावा केल्या. होळकरांचा दुसरा डाव 173 धावांवर संपला आणि बडोद्याने एक डाव व 409 धावांनी करंडक जिंकला. गुल महंमद यांच्या धावा 319, हजारे यांच्या 288. भागीदारी 533 मिनिटे चालली, म्हणजे नऊ तासांना सात मिनिटे कमी. तासाला सुमारे 65 धावा या वेगाने ती झाली. हा वेग आजच्या प्रेक्षकाला कंटाळवाणा वाटेल, पण त्या काळच्या मानाने तो मुळीच संथ नव्हता.

आता एक साधी बेरीज करू. 319 आणि 288 मिळून 607 होतात. भागीदारी मात्र 577 ची. मग उरलेल्या 30 कोठे गेल्या? हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता आणि तो चांगला प्रश्न आहे. भागीदारीचा हिशेब दोन फलंदाज एकत्र असतील तेवढ्यापुरताच असतो. एकाने दुसरा येण्यापूर्वी केलेल्या, किंवा दुसरा बाद झाल्यावर केलेल्या धावा त्यात धरत नाहीत. उलट, दोघे खेळत असताना मिळालेल्या अवांतर धावा भागीदारीत जमा होतात, जरी त्या कोणाच्याच नावावर लागत नसल्या. म्हणून किमान 30 वैयक्तिक धावा या भागीदारीबाहेरच्या होत्या. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाचा जमाखर्च ज्याने लिहिला आहे, त्याला हे कलम लगेच कळेल.

दुसरी वजाबाकी अधिक बोलकी आहे. 784 मधून 577 वजा केल्या, तर उरतात 207. म्हणजे बडोद्याच्या बाकी सर्व भागीदाऱ्यांनी मिळून 207 धावा केल्या. होळकरांच्या संपूर्ण पहिल्या डावाच्या धावा होत्या 202. ही एक भागीदारी बाजूला ठेवली, तर दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीचे होते. बडोद्याचे तीन गडी 91 धावांत बाद झाले होते, तेव्हा ही जोडी जमली. आपण गावाचा अभिमान म्हणून 'डावाने विजय' असे सांगतो, पण धावफलक नीट वाचला तर त्यात एका संघाने दुसऱ्याला सर्वांगाने चिरडल्याचे चित्र दिसत नाही. समबळ संघांच्या झुंजीत दोन माणसे नऊ तास जागची हलली नाहीत, एवढेच त्यात आहे. मला ते अधिक मोलाचे वाटते.

आणि समबळ असण्याला आधार होता. आदल्याच वर्षी, 1945-46 च्या हंगामात, याच दोन संघांची अंतिम फेरीत गाठ पडली होती. तो सामना इंदूरला झाला आणि होळकरांनी तो 56 धावांनी जिंकला. होळकरांचे दोन डाव 342 आणि 273, बडोद्याचे 198 आणि 361. पहिल्या डावात 144 धावांनी मागे पडलेला संघ दुसऱ्या डावात 361 पर्यंत झुंजतो आणि 56 धावा कमी पडतात, हे शल्य कोणत्याही संघाला वर्षभर पुरेल. मार्च 1947 चा सामना या पार्श्वभूमीवर बडोद्याच्या भूमीत होत होता.

हे दोन संघ कोणते होते, याचा विचार आपण मराठी माणसांनी तरी करायला हवा. एक गायकवाडांचा, दुसरा होळकरांचा. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदेपलीकडे आणि गुजरातेत गेल्या, तेथे स्थिरावल्या, आणि त्यांच्या छावण्यांची पुढे राजधानीची शहरे झाली. त्या दोन शहरांचे संघ भारताच्या विजेतेपदासाठी लढत होते. होळकरांच्या त्या काळच्या संघाचे नेतृत्व सी. के. नायडू यांच्याकडे होते. ते जन्माने नागपूरचे, आणि 1947 मध्ये वयाची पन्नाशी ओलांडलेले. त्या वर्षांत होळकर संघातून चंदू सरवटे, खंडू रांगणेकर, हिरालाल गायकवाड खेळत, आणि इंदूरचे लाडके मुश्ताक अलीही. बडोद्याच्या संघाचे कर्णधार होते यष्टिरक्षक रावसाहेब निंबाळकर. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी याच काळात बडोद्याकडून खेळत. म्हणजे महाराष्ट्राच्या भौगोलिक सीमेबाहेर, दोन मराठी संस्थानांच्या राजधान्यांत, भारतातले उत्तम क्रिकेट त्या दशकात घडत होते. मुंबईच्या मित्रांना ही गोष्ट ऐकवली की ते विषय बदलतात.

मुंबईकरांचा एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. ते म्हणतात, "तुमचा संघ विकत घेतलेला होता. राजेमहाराजांनी पैसा ओतला, देशभरचे खेळाडू गोळा केले, आणि करंडक नेला. त्यात गावाचे काय?" आक्षेप खोटा नाही. संस्थाने खेळाडूंना नोकरी देत, कोणाला लष्करात, कोणाला महालाच्या चाकरीत, आणि नोकरीचे मुख्य काम खेळणे हेच असे. विजय हजारे सांगलीचे. 11 मार्च 1915 रोजी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात, शाळाशिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला, आणि ते आठ भावंडांतले एक होते. देवासच्या महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. 1939-40 मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी पुण्यात नाबाद 316 धावा केल्या. रणजी स्पर्धेतले हे पहिले त्रिशतक. आणि प्रतिस्पर्धी संघ कोणता? बडोदे! दोन वर्षांच्या आत हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्याला बाद करता येत नाही त्याला घरीच आणावे, हा शहाणपणा बडोदेकरांना कोणी शिकवायला नको होता.

पण विकत घेतले म्हणून माणूस आपला होत नाही, आणि नोकरी दिली म्हणून तो परकाही राहत नाही. हजारे यांचे पुढचे सारे आयुष्य बडोद्यात गेले. 18 डिसेंबर 2004 रोजी ते येथेच निवर्तले. शाळाशिक्षकाच्या आठ मुलांपैकी एकाला त्या काळात केवळ बॅटच्या जोरावर जगता आले असते का, याचा विचार आक्षेपकांनी करावा. मुंबईत कापड गिरण्या होत्या, बँका होत्या, कचेऱ्यांचे संघ होते. सांगली-देवास-बडोदे या वाटेवर संस्थानाशिवाय दुसरा आश्रयदाता नव्हता. आश्रय नेहमीच लहरी असतो, आणि राजाची मर्जी हा कोणत्याही कलेचा भरवशाचा पाया नव्हे, हेही मला मान्य आहे. तरीही सयाजीराव आणि त्यांच्यानंतर 1939 मध्ये गादीवर आलेले प्रतापसिंहराव यांच्या काळात बडोद्यात मल्ल, गवई, चित्रकार, ग्रंथपाल आणि फलंदाज एकाच खजिन्यातून पोसले गेले, ही वस्तुस्थिती आहे.

आता हजारे यांच्याविषयी दोन शब्द, कारण त्यांच्याशिवाय या हंगामाचा अर्थ लागत नाही. पायांच्या मध्ये बॅट अडकवून, दोन हातांत अंतर ठेवून उभे राहण्याची त्यांची पद्धत कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणारी नव्हती. ग्रिमेटसारख्या जाणत्याने ती मोडली नाही, यात मला शिक्षकाची खरी परीक्षा दिसते. ते मध्यमगती गोलंदाजही होते, आणि प्रथम श्रेणीत त्यांनी 595 बळी घेतले. 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा दोनदा त्रिफळा उडवला, आणि जानेवारी 1948 मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, 116 आणि 145. भारताने पहिला कसोटी विजय 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. इतके करूनही हा माणूस बोलत नसे. माझ्या तरुणपणी मोतीबागेवर मी त्यांना दुरून एकदोनदा पाहिले. कडेला उभे राहून ते खेळ पाहत होते आणि त्यांच्या आजूबाजूची मंडळी त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होती.

577 चे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीचा एक सामना ध्यानात घ्यावा लागतो. मुंबईला त्या काळी पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'शेष' असे पाच संघ. 'शेष' म्हणजे पहिल्या चारांत न बसणारे सगळे, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि इतर. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते शेष. जो पुढे भारताचा कर्णधार झाला, त्याला मुंबईच्या सर्वांत लोकप्रिय स्पर्धेत 'उरलेला' या नावाने खेळावे लागत होते! 1943-44 च्या हंगामात त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध 248 धावा करून विजय मर्चंट यांचा स्पर्धेतला विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद 250 करून तो परत घेतला. हिंदूंच्या 5 बाद 581. शेष संघ पहिल्या डावात 133 वर कोसळला. दुसऱ्या डावात त्याने 387 धावा केल्या आणि त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. विक्रम पुन्हा त्यांच्याकडे आला, पण शेष संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला.

त्या डावात सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागीदारी झाली होती, आणि साथीदार होते त्यांचे धाकटे बंधू विवेक हजारे. विवेक यांच्या धावा किती? 21. भागीदारी या शब्दाचे हे एक टोक झाले. एकाने किल्ला लढवायचा, दुसऱ्याने केवळ दरवाजा धरून उभे राहायचे. ते कामही कमी मोलाचे नाही. तीनशे धावा होईतो टिकून राहणाऱ्या त्या एकवीस धावांना मी नेहमी मनातल्या मनात नमस्कार करतो. पण 1947 च्या बडोद्यात दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस धावांच्या बाबतीत हजाऱ्यांच्याही पुढे गेला. तीन वर्षांपूर्वी एकट्याने 309 करून हरलेल्या फलंदाजाला बरोबरीचा सोबती मिळाला, तेव्हा काय घडते, त्याचे उत्तर म्हणजे 577.

तो सोबती, गुल महंमद. जन्म लाहोरचा, 1921 सालचा. बुटका, चपळ, डावखुरा फलंदाज, आणि क्षेत्ररक्षक म्हणून अव्वल दर्जाचा. 1946 च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात हजारे आणि गुल महंमद दोघेही होते. डावखुरा आणि उजवा फलंदाज एकत्र खेळू लागले की प्रत्येक एकेरी धावेनंतर गोलंदाजाला दिशा बदलावी लागते, क्षेत्ररक्षकांना जागा बदलाव्या लागतात. नऊ तास हे चालले म्हणजे चेंडू अडवण्याइतकेच श्रम नुसत्या चालण्याचे होतात, तेही मार्च महिन्यातील बडोद्याच्या उन्हात. ज्यांनी आपल्याकडचा फाल्गुन अंगावर घेतला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

एवढ्या मोठ्या धावसंख्या त्या दशकातच का झाल्या, असा प्रश्न येथे उद्भवतो. अंतिम सामने निकाल लागेपर्यंत खेळण्याची तेव्हा पद्धत होती. वेळ अमर्याद, म्हणून डाव घोषित करण्याची निकड नाही, आणि घाई करण्याचे कारण नाही. 1944-45 मध्ये मुंबई आणि होळकर यांच्या अंतिम सामन्यात सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून 917 चेंडू टाकले. ते आधी बडोद्याकडून खेळत आणि नंतर होळकरांकडे गेले होते. खेळाडूंची ही ये-जा संस्थानी व्यवस्थेचाच भाग होती. 1948-49 मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या एका सामन्यात 2376 धावा झाल्या. त्याच हंगामात पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते आणि ब्रॅडमन यांचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आला होता, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. धावांच्या या महापुरात खेळपट्ट्या फलंदाजाच्या बाजूच्या होत्या, हे उघड आहे. म्हणून आकड्यांना भुलू नये. पण त्याच खेळपट्टीवर होळकरांचे दोन्ही डाव मिळून 375 धावा झाल्या, हेही विसरू नये.

आणि आता त्या मार्च महिन्याबद्दल. 20 फेब्रुवारी 1947 रोजी ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी भारत सोडण्याची मुदत जाहीर केली. 2 मार्चला पंजाबात खिज्र हयात खान यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 4 मार्चला लाहोरात दंगल उसळली आणि पाहता पाहता ती अमृतसर, मुलतान, रावळपिंडीपर्यंत पसरली. त्याच महिन्यात लाहोरचा एक मुसलमान तरुण आणि सांगलीचा एक ख्रिस्ती, मराठा राजाच्या संघातून, गुजरातेतल्या एका शहरात, हिंदू-मुसलमान अशा मिश्र प्रेक्षकांसमोर नऊ तास एकमेकांच्या हाकेवर धावत होते. धाव घेण्यासाठी समोरच्याच्या 'हो' वर विश्वास ठेवावा लागतो. नुसता संशय आला, पाऊल अडखळले, की गडी धावबाद.

मी यातून प्रतीके काढू इच्छीत नाही. वाङ्मयाच्या प्राध्यापकांना हा रोग असतो आणि मी निवृत्तीनंतर त्यावर पथ्य पाळतो. त्या दोघांच्या मनात काय चालले होते, यावर कल्पना लढवण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त रचनेकडे बोट दाखवतो. पंचरंगी सामन्यांच्या रचनेत हे दोघे कधीच एका संघात येऊ शकले नसते. एक शेष, दुसरा मुसलमान. ते परस्परांविरुद्धच खेळले असते. जातधर्मावर बेतलेल्या या सामन्यांविषयी गांधीजींनी 1940 मध्येच नापसंती व्यक्त केली होती, आणि 1945-46 नंतर ते बंद पडले. म्हणजे आपला हा 1946-47 चा हंगाम पंचरंगी सामने बंद पडल्यानंतरचा पहिला हंगाम. रणजी स्पर्धेत संघ प्रदेशाच्या नावाने उतरतो. 'बडोदे' या एका शब्दाखाली सांगली आणि लाहोर एकत्र येऊ शकले, ते या रचनेमुळे. संस्थानी पैशावर टीका करणाऱ्यांनी ही जमेची बाजूही वहीत मांडावी.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी क्रिकेट खेळलेले खेळाडू केवळ तीन, अब्दुल हफीज कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद. तिघांपैकी दोघे, इलाही आणि गुल महंमद, बडोद्याचे रणजी खेळाडू! फाळणीचा इतिहास आपल्या गावच्या संघाच्या यादीत असा उतरला आहे. 1952 मध्ये पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला, तेव्हा अमीर इलाही त्या संघात होते. गुल महंमद त्या मालिकेत भारताकडून खेळले. एकेकाळचे संघबंधू समोरासमोर. त्याच दौऱ्यात मद्रासला इलाहींनी झुल्फिकार अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी 104 धावांची भागी रचली, आणि त्यांत त्यांच्या 47 होत्या. मूळचा गोलंदाज असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने हे केले. गुल महंमद 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कराचीच्या कसोटीत पाकिस्तानकडून खेळले. 1992 मध्ये, जेथे जन्मले त्याच लाहोरात त्यांचे निधन झाले.

बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. राजाश्रय संपला, तरी संघ उरला, कारण क्रिकेट संघटना संस्थानाबरोबर विसर्जित झाली नाही. आज गुजरात राज्यातून रणजी स्पर्धेत गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदे असे तीन संघ उतरतात. परगावचे पाहुणे याचे कारण विचारतात. ते कारण नकाशात सापडणार नाही, ते या इतिहासात आहे. होळकरांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी गाठणारा आणि चार वेळा करंडक जिंकणारा तो संघ, राज्यांच्या नव्या मांडणीत नावासकट नाहीसा झाला. 1949-50 मध्ये बडोद्याने त्यालाच हरवून तिसरा करंडक मिळवला होता. मला स्वतःला प्रतिस्पर्ध्याचे हे पुसले जाणे बडोद्याच्या कोणत्याही पराभवाहून अधिक टोचते. ज्यांच्यावर मिळवलेल्या विजयाने आपण ओळखले जातो, त्यांचे नाव घेणारा संघच उरला नाही.

बडोद्याने पुढे 1957-58 मध्ये दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली आणि 2000-01 मध्ये जेकब मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला. 1942-43 चा पहिला धरला तर एकूण पाच. दत्ताजीराव येथेच जन्मले, येथेच वाढले, आणि 1959 मध्ये इंग्लंडमध्ये भारताचे कर्णधार झाले. आश्रयाला बाहेरून आलेल्यांच्या पाठोपाठ गावातली मुले कशी उभी राहतात, याचे ते पहिले ठळक उदाहरण. 'विकत घेतलेला संघ' या आक्षेपाला माझे खरे उत्तर त्यांच्यापासून सुरू होते. 2024 च्या फेब्रुवारीत ते गेले.

राहता राहिला विक्रम. 577 पूर्वीचा उच्चांक होता 574. तो फेब्रुवारी 1946 मध्ये वेस्ट इंडीजमधील बार्बाडोसच्या फ्रँक वॉरेल आणि क्लाइड वॉलकॉट यांनी त्रिनिदादविरुद्ध नाबाद राहून केला होता. तोही चौथ्याच गड्यासाठी. अवघ्या तीन धावांनी बडोदे पुढे गेले, आणि मग एकोणसाठ वर्षांहून अधिक काळ, कोणत्याही गड्यासाठी, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये जगात कोणी 577 ओलांडू शकले नाही. जुलै 2006 मध्ये कोलंबो येथे श्रीलंकेच्या कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 624 धावा केल्या. हजारे तेव्हा हयात नव्हते. ऑक्टोबर 2016 मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद 594 केल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध नाबाद 606 धावा जोडल्या. या तिन्ही भागीदाऱ्या तिसऱ्या गड्यासाठी होत्या. चौथ्या गड्याच्या रकान्यात अजून बडोद्याचीच दोन नावे आहेत, एक सांगलीचे आणि एक लाहोरचे.